शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरतो?

टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, वहीत नोंद केली, काम झालं, असं गावोगाव समजलं जातं. पण पाणी सुरक्षित आहे की नाही याचा निकाल टाकीवर लागत नाही. तो लागतो वस्तीच्या टोकाला, सगळ्यांत शेवटी पाणी पोचतं त्या नळाला. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे कशाशी न जोडलेला (मुक्त) क्लोरीन सापडला, तर वाटेतल्या पाइपांत, जोडांत आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत पाण्याला राखण होती असं म्हणता येतं. सापडला नाही, तर टाकीत पावडरीचं अख्खं पोतं रिकामं केलेलं असलं तरी टोकाच्या घरांना त्याचा काही उपयोग झालेला नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा, असं ते सांगतं. दुसरा स्रोत नसेल तर १ पर्यंत चालवून घेतात. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५ ठेवायला सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने ठरवलेली वरची मर्यादा आहे ५. म्हणजे किमान आकडा आणि आरोग्याची मर्यादा यांत पंचवीस पटींचं अंतर आहे. ‘जरा जास्त पडला तर पोरं आजारी पडतील’ ही भीती मला अनेक गावांत ऐकायला मिळते. तिच्यापायी हात आखडता घेतला जातो आणि मग जुलाबाची साथ येते. जास्त क्लोरीनची खरी अडचण चवीची आणि वासाची असते. काही जणांना ०.३ लासुद्धा चव जाणवते. म्हणून ती तक्रार खोटी म्हणून झटकू नये. पण तिच्यापायी टीसीएल बंद करणं हा धोका फार मोठा आहे.

टाकलेला क्लोरीन आणि उरलेला क्लोरीन यांचं नातं पगार आणि शिल्लक यांच्यासारखं असतं. पगार किती यावरून महिनाअखेरीस हातात काय राहील ते कळत नाही. मधला खर्च माहीत असावा लागतो. पाण्यातला हा खर्च, म्हणजे क्लोरीनची मागणी, रोज बदलते. पाण्यात विरघळलेलं लोह आणि मँगनीज क्लोरीन खातं. कुजलेला पाला, शेवाळ, गाळ खातो. पाइपच्या आतल्या भिंतीवर धरलेला बुळबुळीत थर खातो. सांडपाणी मिसळलं तर त्यातला अमोनिया सगळ्यांत जास्त खातो. जंतू मरतात ते या सगळ्या गर्दीत. म्हणून जूनच्या पहिल्या पावसात विहिरीत लोंढा आला, की मे महिन्यात पुरणारा डोस अचानक अपुरा पडतो. पावडर तेवढीच, टाकी तेवढीच, आणि नळाला शून्य.

अमोनियाचा भाग थोडा सावकाश समजून घ्यायला हवा, कारण तिथे अनेक जण फसतात. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडी करतो. त्यातून क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यांना संयुक्त क्लोरीन म्हणतात. तीही जंतूंना मारतात, पण फार सावकाश. क्लोरीन वाढवत गेलं की उरलेला क्लोरीन आधी वाढताना दिसतो, मग एका टप्प्यावर उलट कमी होऊ लागतो, कारण आता नवा क्लोरीन त्या संयुगांनाच मोडायला लागलेला असतो. ती मोडून झाली की पुढे टाकलेला प्रत्येक कण मोकळा राहतो. या वळणाला ‘ब्रेक पॉइंट’ म्हणतात. हिशेबाने एक भाग अमोनिया-नायट्रोजनला साडेसात भागांच्या वर क्लोरीन लागतो. प्रत्यक्षात दहाच्या आसपास धरून चालतात. पाण्याला ‘औषधाचा’ उग्र वास येतो तो बऱ्याचदा या अर्धवट जोड्यांचा असतो. त्यामुळे वास तीव्र आहे म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असं गृहीत धरू नका. कधीकधी तो वास क्लोरीन अपुरा पडल्याचं सांगत असतो. नाकाने क्लोरीन मोजता येत नाही.

मोकळ्या क्लोरीनचीही पाण्यात दोन रूपं असतात: एक हायपोक्लोरस आम्ल, दुसरं हायपोक्लोराइट. पहिलं जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं, दुसरं फार कमी. पाण्याचा सामू (पीएच) ७.५ च्या आसपास असेल तर दोघं निम्मे-निम्मे असतात. सामू ६.५ असेल तर सुमारे नव्वद टक्के पहिलं रूप. सामू ८.५ झाला की उलट, पहिलं जेमतेम दहा टक्के. किटवर दोन्ही वेळा आकडा ०.५ च दिसेल, पण त्याची मारक ताकद सारखी नसेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तिन्ही गोष्टी एकत्र सांगते: सामू ८ च्या खाली, किमान ३० मिनिटांचा संपर्क, आणि त्यानंतर किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन. यातला अर्धा तास आपल्याकडे सर्रास मोडला जातो. टाकी भरली, वरून टीसीएलचं द्रावण ओतलं आणि लगेच व्हॉल्व्ह सोडला, तर पहिल्या गल्लीला न शुद्ध झालेलं पाणी जातं. द्रावण टाकी भरत असतानाच सोडायचं असतं, म्हणजे ते नीट मिसळतं, आणि मग अर्धा तास थांबायचं असतं.

मोजायचं कसं

गावात सगळ्यांच्या तोंडी असते ती ‘ओटी टेस्ट’. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. किट म्हणजे प्लास्टिकचा तळहाताएवढा डबा: एका बाजूला फिक्या पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत रंगांची पट्टी, दुसऱ्या बाजूला नमुन्याची नळी, आणि सोबत द्रावणाची छोटी बाटली. ज्या नळाचं पाणी तपासायचं त्याच पाण्याने नळी दोनदा विसळायची. खुणेपर्यंत पाणी भरायचं. बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे. झाकण लावून एकदा उलटी-सुलटी करायची. झाकण हरवलं म्हणून अंगठा लावून हलवू नये. हाताचा घाम आणि मळसुद्धा थोडा क्लोरीन खातो. मग पांढऱ्या कागदासमोर, सावलीतल्या उजेडात, लगेच रंग जुळवायचा.

‘लगेच’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग पहिल्या दहाएक सेकंदांत येतो. नळी तशीच ठेवून चहा घेऊन आलात, तर पंधरा मिनिटांत संयुक्त क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. आपल्याला हवा असतो तो पहिला आकडा. पाण्यात मँगनीज किंवा नायट्राइट असेल तरी ओटी पिवळी होते, क्लोरीनचा कण नसतानाही. शिवाय ऑर्थोटोलिडीन हा रसायन म्हणून घातक समजला जातो. तपासलेलं पाणी परत हंड्यात ओतायचं नाही आणि बाटली पोरांच्या हाती द्यायची नाही.

म्हणून आता डीपीडी नावाच्या रसायनाच्या गोळ्या वापरणाऱ्या पद्धतीचा आग्रह धरला जातो. ब्रिटनमध्ये पॅलिन या रसायनशास्त्रज्ञाने ती १९५० च्या दशकात बसवली. यात पाणी गुलाबी होतं. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरीन कळतो, त्याच नळीत पुढची गोळी टाकली की एकूण कळतो, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे संयुक्त. याचा एक धोका मात्र लक्षात ठेवायलाच हवा. क्लोरीन खूपच जास्त असेल तर तो गुलाबी रंगालाही उडवून टाकतो. गोळी टाकल्याबरोबर गुलाबी झाक येऊन क्षणात नाहीशी झाली, तर ते शून्य नव्हे. तेच पाणी ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करून पुन्हा तपासावं आणि आलेला आकडा त्या पटीने गुणावा. नाहीतर ‘शून्य आहे’ म्हणून आणखी पावडर टाकली जाते.

आणि नमुना बाटलीत भरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन क्लोरीन मोजून मागू नये. क्लोरीन टिकत नाही. ऊन, उष्णता आणि हलणं यांनी तो वाटेतच कमी होतो. तो नळाशी उभं राहूनच मोजायचा असतो.

एका आकड्याने काय कळतं

जंतूंची तपासणी असताना क्लोरीन कशाला मोजायचा, असं कुणी विचारतं. उत्तर वेळेत आहे. गावात वापरतात ती एचटूएस व्हायल, म्हणजे जंतू तपासायची छोटी बाटली, काळी पडते की नाही हे कळायला २४ ते ४८ तास जातात. तोपर्यंत ते पाणी अंगणवाडीतल्या मुलांनी पिऊन झालेलं असतं. क्लोरीनचा आकडा मिनिटाभरात मिळतो. तो जंतू दाखवत नाही, पण पाण्याची राखण उठली आहे हे आधी सांगतो.

समजा, रोज तीन ठिकाणी मोजणी होते. टाकीखाली ०.८, शाळेजवळ ०.५, टोकाच्या वस्तीला ०.३. एके सकाळी टाकीखाली ०.८ आहे, शाळेजवळ ०.५ आहे आणि टोकाला शून्य. टाकीवरच्या माणसाचा दोष नाही, पावडरीचाही नाही. शाळा आणि वस्ती यांच्यामधल्या पट्ट्यात काहीतरी क्लोरीन खातं आहे. तिथे गटारातून गेलेली पाइप बघा, खाली बसलेला व्हॉल्व्हचा खड्डा बघा, कुणी नवीन जोडणी घेतलीय का बघा. खोदकाम कुठे करायचं हे तीन आकड्यांनी सांगितलं. याउलट तिन्ही ठिकाणी एकदम घसरण असेल, तर स्रोत किंवा डोस तपासायचा. एकाच नळाला मोजणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, हे यात भर घालतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होते आणि भेगांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गटाराशेजारून गेली असेल तर काय ओढलं जातं ते सांगायला नको. म्हणून पाणी आल्यावर पहिल्या मिनिटाला एक आणि दहा मिनिटांनी दुसरा, असे दोन नमुने बघावेत. दुसऱ्याला ०.४ आणि पहिल्याला शून्य असेल, तर त्या गल्लीने पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये आणि दुरुस्तीची मागणी लावून धरावी.

हे सगळं फक्त खेड्यांसाठी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनला सहज बळी पडणारा जिवाणू आहे. पुरेसा क्लोरीन आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो पाण्यात तग धरत नाही. म्हणूनच त्या दिवसांत घरोघरच्या नळाला क्लोरीन किती, हा प्रश्न सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही येऊन पोचला. तो तिथे कायम राहायला हवा होता.

वहीबद्दलही बोललं पाहिजे. अनेक ठिकाणी नोंद असते ‘ओटी पॉझिटिव्ह’ किंवा ‘ओटी निगेटिव्ह’. यातून ०.१ आणि १.५ हे दोन्ही एकाच शब्दात जातात. आकडा लिहा, वेळ लिहा, कुठला नळ ते लिहा. आणि वर्षभर रोज ०.५ लिहिलेली वही दिसली तर समजावं की कुणी मोजत नाहीये. खरा क्लोरीन पावसाने, उन्हाने, वीज गेल्याने खालीवर होतोच. वहीतलं एक प्रामाणिक शून्य अशा शंभर ०.५ पेक्षा गावाच्या जास्त कामाचं आहे, आणि ते लिहिणाऱ्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावाचं पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला, ग्रामसभेने झापू नये. शून्य लिहिल्याबद्दल बोलणी बसली की पुढच्या दिवसापासून वहीत शून्य दिसत नाही. पाण्यात मात्र ते असतंच.

पावडरीचा हिशेब

ताज्या ब्लीचिंग पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, उन्हात पडलं, की तो उडत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली टीसीएल आपल्याकडे निकृष्ट धरतात.

५०,००० लिटरची टाकी आहे आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम डोस द्यायचा आहे. लागणारा क्लोरीन १०० ग्रॅम. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर सुमारे ३०० ग्रॅम पुरते. २५ टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम. १५ टक्क्यांवर आलेली असेल तर जवळजवळ ६७० ग्रॅम लागते. ‘आम्ही नेहमीएवढीच टाकतो’ असं सांगणारा कर्मचारी खरंच बोलत असतो, पण पोत्यातला माल बदललेला असतो. पावडर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी, मोटारीच्या स्टार्टरपासून लांब ठेवावी, कारण तिची वाफ धातू खाते. वापरताना आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत सोडावी. चुन्याचा गाळ टाकीत ओतला तर सामू वाढतो आणि वर सांगितलेलं ते कमजोर रूप वाढतं.

विहिरीला किती पावडर लागेल हे शोधायची एक जुनी आणि देखणी पद्धत आहे, हॉरॉक्स चाचणी. पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे कप, आतून खूण असलेला एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं. सहा कपांत विहिरीचं पाणी घ्यायचं. पहिल्यात काळ्या कपातल्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. जो पहिला कप निळा होईल त्याचा क्रमांक बघायचा. तिसरा निळा झाला, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. या चाचणीत पावडरीची ताकद आणि पाण्याची मागणी दोन्ही एकदमच धरली जातात, वेगळं गणित करावं लागत नाही. इतकं साधं साधन कपाटात पडून राहतं याचं मला फार वाईट वाटतं.

याच जातीच्या पावडरीने अमेरिकेत इतिहास घडवला. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला बूंटन जलाशयातून पाणी जाई. डॉ. जॉन लील यांच्या आग्रहाने २६ सप्टेंबर १९०८ पासून तिथे अख्ख्या शहराच्या पाण्याला कायमचा क्लोरीन सुरू झाला. पाणी पुरेसं शुद्ध नाही म्हणून शहराने पाणी कंपनीला कोर्टात खेचलं होतं, लील त्या कंपनीचे सल्लागार होते, आणि पाण्यात रसायन घालणं लोकांना पटत नव्हतं. तो खटला लील यांच्या बाजूने गेला आणि पुढच्या काही वर्षांत शहरामागून शहराने तेच केलं.

मोठ्या शहरांत पावडरीऐवजी क्लोरीन वायू वापरतात. मोजणारं यंत्र पाण्याच्या प्रवाहातच बसवलेलं असतं. काही यंत्रं दर दोन-तीन मिनिटांनी डीपीडीची चाचणी आपोआप करतात, काहींत विजेच्या प्रवाहावरून क्लोरीन ओळखणारा सेन्सर असतो. आकडा खाली गेला की डोस आपोआप वाढतो. पण सेन्सरच्या पडद्यावर शेवाळ धरतं, आकडा हळूहळू सरकतो आणि संगणकावर सगळं ठीक दिसत राहतं. म्हणून या यंत्रांचा आकडा हातातल्या किटशी नियमित पडताळावा लागतो. लांबच्या भागात क्लोरीन पोचत नसेल, तर मधल्या टाकीवर पुन्हा डोस देतात. त्याऐवजी केंद्रावरच भरमसाट टाकला, तर जवळच्या घरांना वास आणि लांबच्यांना तरी शून्यच.

क्लोरीनच्या आवाक्याबाहेरचं

गढूळ पाण्यात क्लोरीन हरतो, कारण मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात. आधी तुरटी, निवळणं, गाळणं, क्लोरीन त्यानंतर. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन दिलेल्या पाण्यातूनच सुमारे चार लाख माणसं त्याने आजारी पडली. त्याला अडवते ती चांगली गाळणी. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांच्यावर क्लोरीनचा काही इलाज नाही. शिवाय कुजक्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगं तयार होतात. नेदरलँड्सचे रसायनशास्त्रज्ञ रूक यांनी १९७४ मध्ये ते दाखवून दिलं. त्यांचा धोका दीर्घकाळाचा आहे आणि उपाय म्हणजे क्लोरीनआधी पाणी स्वच्छ करणं. त्या भीतीने क्लोरीन कमी करू नये, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

घरात आरओ असेल तर त्यातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, पडदा वाचावा म्हणून. त्यामुळे मोजणी आरओच्या आधीच्या नळाला करावी, आणि आरओचं पाणी दिवसेंदिवस साठवू नये, कारण त्याला राखण उरलेली नसते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत उन्हाने क्लोरीन उडतो. पालिकेच्या जोडणीवर ०.४ आणि स्वयंपाकघरात शून्य आलं, तर टाकी धुवायची वेळ झाली आहे किंवा जमिनीखालच्या टाकीत काहीतरी झिरपतं आहे.

टोकाच्या नळाला शून्य आलं तर पहिल्यांदा पुन्हा मोजा, नळी विसळून, द्रावणाची मुदत बघून. दुसऱ्यांदाही शून्य आलं तर त्या वस्तीला पाणी उकळून प्यायला सांगा किंवा मेडिक्लोर (घरच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) वाटा, जंतूंच्या तपासणीच्या निकालाची वाट न बघता. मग टाकीखाली मोजा. तिथे ठीक असेल तर पाइपवर चालत या आणि दर काही घरांमागे मोजत जा, म्हणजे आकडा कुठे तुटतो ते सापडेल. गळती बुजवल्यावर ती पाइप जास्त डोसच्या पाण्याने भरून ठेवा, नंतर शेवटच्या नळातून वाहू द्या आणि तिथे पुन्हा किमान ०.२ दिसेपर्यंत पाणी पिण्यासाठी चालू झालं असं जाहीर करू नका. त्याच नळाची एचटूएस व्हायल लावा. पुढचे काही दिवस रोज त्याच नळाला, पाणी आल्याच्या पहिल्या मिनिटाला, आकडा घेत राहा.